श्वास रोखा, हलू नका

शैलजाला धड झोपही येत नाही आणि ती धड जागीही नाही. देवबागच्या त्या घरगुती लॉजच्या पडवीत, काथ्याच्या खाटेवर ती आडवी झालीय. विहिरीच्या गोड्या पाण्यानं दोनदा न्हाऊन अंगावरचं मीठ घालवलंय, ओले केस खाटेच्या कडेवरून खाली सोडलेत. डोळे मिटले की खाट डोलायला लागते, उघडले की थांबते. होडीतून आलेल्या माणसाला दिवसभर असं होतंच, असं घरच्या काकूंनी सांगितलंय. काकू तशा प्रेमळ आहेत, पण जेवणापासून जरा खट्टू झाल्यात. मालवणच्या किनाऱ्यावर येऊन सुरमईला हात न लावता काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे मागणारं गिऱ्हाईक आपल्याच वाट्याला का यावं, हे त्यांना कळत नाही.

खाटेशेजारी खुर्ची टाकून शैलजाचा नवरा, राजशेखर, बसलाय. हातात पेपर आहे, पण बराच वेळ त्यानं पान उलटलेलं नाही.

"झोप थोडी," तो म्हणतो. "आणि संध्याकाळचं रद्द कर."

"बघू," ती डोळे न उघडताच म्हणते.

"बघू नको, रद्द कर. सकाळी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता."

सकाळचं असं झालं होतं. शैलजा गडहिंग्लजला फोटो स्टुडिओ चालवते. स्टुडिओ मूळचा तिच्या वडिलांचा, काशिनाथ हत्तरकींचा. सगळं गाव त्यांना फोटोवाले अण्णा म्हणायचं आणि तीही अण्णाच म्हणायची. अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलंय. वर्षभरात तिनं सुट्टीसाठी एकदाही स्टुडिओचं शटर खाली ओढलं नाही, तेव्हा राजशेखरनं तिला जवळजवळ उचलूनच आंबोली घाट उतरवला आणि वर लालूच म्हणून स्कूबा आणि पाण्याखालची फोटोग्राफी शिकवणारा एक दिवसाचा वर्ग लावून दिला. सकाळी एक डुबकी, उन्हं कलली की दुसरी. शिकवणारी प्रणिता तांडेल, इथल्याच होडीवाल्यांच्या घरातली, जमिनीवर फटकळ आणि पाण्यात शांत. हातात कॅमेरा देण्याआधी तिनं एकच नियम पुन्हापुन्हा बजावला होता. खाली काय वाट्टेल ते होऊ दे, श्वास थांबवायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा.

आणि शैलजानं नेमका तोच मोडला. खडकाच्या कपारीसमोर एक पिवळा-काळा मासा पासपोर्ट फोटोला बसल्यासारखा स्थिर झाला. तिनं कॅमेरा धरला, कोपरं अंगाशी घेतली आणि छाती भरून श्वास रोखला. हात हलू नये म्हणून. बटण दाबायच्या आधी श्वास रोखायचा, हे अण्णांनी तिला ती परकरात असताना शिकवलंय, त्यामुळे आता ते तिला आठवावंही लागत नाही. मासा खाली चाललाय असं तिला वाटलं. मासा जागच्या जागी होता, तीच वर चालली होती. प्रणितानं घोटा धरून तिला खाली ओढलं आणि स्वतःच्या तोंडासमोर हात हलवून श्वास सोड, श्वास सोड असं दाखवलं, तेव्हा कुठं तिला कळलं.

होडीत चढल्यावर प्रणितानं पाहुण्यांशी बोलायची भाषा गुंडाळून ठेवली.

"मरूक इलास काय हय, ताई? छातीतली हवा म्हणजे फुगो. तुम्ही वर येतलास तसो तो मोठो होतलो. आणि फुटलो तर?"

"सवय आहे हो," शैलजा म्हणाली. "आमच्या अण्णांनी शिकवलंय. बटण दाबताना श्वास रोखायचा."

"मग तुमच्या अण्णांक सांगा, पाण्यात ह्या चालणा नाय. परत असा केलास तर कॅमेरो माझ्याकडे."

होडीतच थांबलेला राजशेखर पाण्याकडे बघायला लागला. अण्णा आता नाहीत हे भर समुद्रात कुठं सांगत बसायचं, म्हणून दोघांनीही विषय वाढवला नाही. पण ते वाक्य तेव्हापासून शैलजाच्या डोक्यातून जात नाही. अण्णांना सांगा. सांगायला अण्णा कुठं आहेत? आणि असते तरी त्यांनी ऐकलं असतं का? बाहेर माडांच्या झावळ्या सळसळतायत. पेपर फडफडतो. खाट डोलते, आणि या वेळी डोळे उघडले तरी डोलायची थांबत नाही.

"काच कुणी अशी ठेवतं का गं?"

पडवीच्या पायरीवर अण्णा बसलेत. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, डाव्या गालावर दाढी करताना कापल्याची बारीक खूण. शैलजाचा पाण्यात घालायचा मास्क त्यांनी मांडीवर घेतलाय. काचेवर वाफ सोडून ते रुमालाच्या टोकानं पुसतायत, उजेडाकडे धरून बघतायत, पुन्हा पुसतायत.

शैलजाला दोन गोष्टी एकदम कळतात. एक, अण्णा मेलेले आहेत. आणि दुसरी, हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही. बोललं की ते रुमालाची घडी करतील, खिशात ठेवतील आणि उठून चालायला लागतील. म्हणून ती जपून बोलते.

"कधी आलात?"

"आत्ताच. यष्टीला गर्दी न्हवती."

"समुद्र बघितलात का?"

"आपल्या स्टुडिओत काय समुद्राची कमी हाय?" अण्णा उठतात. "चल लवकर. उजेड चाललाय."

पायरी उतरलं की स्टुडिओ आहे. त्यात शैलजाला काही वावगं वाटत नाही, फक्त अंगणातली वाळू फरशीवरही पसरलीय एवढंच तिच्या ध्यानात येतं. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा तो नाकात चढणारा आंबूस वास. डार्करूमच्या फटीतून येणारा लाल उजेड. आणि समोर तो रंगवलेला पडदा: दोन माड, एक आगबोट, आणि मधे जे काही गोल आहे तो सूर्य की चंद्र हे रंगवणाऱ्यालाही ठरवता आलं नव्हतं. अर्ध्या तालुक्याचा हनिमून या पडद्यासमोर झालाय. अण्णांनी मात्र खरा समुद्र जन्मात पाहिला नाही. लग्नाचा सीझन संपू दे, मग जाऊ म्हणायचे. लग्नं संपली की शाळांचे ग्रुप फोटो सुरू व्हायचे.

"बस," अण्णा स्टुलाकडे बोट दाखवतात.

"माझा कशाला?"

"बस म्हटलं की बसावं. कपाळ बघ कसं चमकतंय."

आरशाखालच्या फळीवर पावडरचा डबा आहे आणि दोरीनं बांधलेला कंगवा. अण्णा डबा उघडतात, पफ तिच्या भुवयांच्या मधोमध दाबतात आणि मग अंगठ्यानं पावडर दोन्ही बाजूंना ओढतात, आधी डावीकडे, मग उजवीकडे. तहसीलदार असो की हमाल, समोर बसला की त्याच्या कपाळावरून अण्णांचा अंगठा असाच फिरायचा. अंगठा गार आहे. शैलजाला एकदम रडू येतं, पण रडलं तर पावडर ओघळेल म्हणून ती ते गिळते.

"हनुवटी वर. जरा डावीकडं. हां. आता श्वास रोखा, हलू नका."

गिऱ्हाइकाला म्हणतात तसं ते तिला अहोजाहो करतात आणि कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखाली डोकं घालतात. शैलजा छाती भरून घेते आणि थांबते.

अण्णा बाहेर येत नाहीत.

कापडाखाली काहीतरी खुडबूड चाललीय. मान हलवायची नाही म्हणून ती समोरच्या भिंतीवर बघत राहते. भिंतीवर गावातली पोरं टांगलीत. बारशाची, जावळाची, पहिल्या वाढदिवसाची, आणि झाडून सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. ती अण्णांची खासियत होती. पोर रडून लाल झालं, आई रडकुंडीला आली, की अण्णा शांतपणे जवळ जायचे आणि पोराच्या तोंडावर हलकेच फू करायचे. पोर दचकायचं, रडं विसरायचं, मोठ्ठा श्वास आत ओढून डोळे विस्फारायचं. तेवढ्यात बटण. लोक लांबून लांबून पोरं घेऊन यायचे त्या एका फुंकरीसाठी.

आणि असा हा माणूस स्वतः मेला तेव्हा घरात त्याचा एक फोटो नव्हता. पेट्या भरभरून निगेटिव्ह, आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाचा एकही नाही. कुणी काढतो म्हटलं की त्यांना नेमकं काहीतरी काम आठवायचं. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात अण्णा चोरी करताना पकडल्यासारखे दिसतात आणि एक डोळा अर्धा मिटलाय. शैलजा रोज सकाळी त्या फोटोला हार घालते आणि रोज तिला स्वतःची लाज वाटते. फोटोग्राफरच्या घरात, फोटोग्राफर मुलगी असताना, हे असं.

पायांना काहीतरी गार लागतं. पडद्याच्या खालच्या कडेतून पाणी येतंय. जिथं समुद्र रंगवलाय तिथून ते पाझरतंय, फरशीवरून सरकत अण्णांच्या चपलांपर्यंत पोचलंय. अण्णांना कळत नाही. पाणी घोट्याला, पोटरीला, गुडघ्याला. स्टुलाच्या पायांशी वाळू हलायला लागते. सांगावं तर फोटो हलेल. शैलजाची छाती आता दुखायला लागलीय.

"अण्णा, पाणी."

काळं कापड बाजूला होतं. अण्णांचा चेहरा वैतागलेला आहे.

"हललीस. गेला फोटो."

"पण पाणी येतंय."

"येऊ दे की. पाण्याला काय हुतंय?"

सांग आता त्यांना, शैलजा स्वतःला म्हणते. पाण्यात श्वास रोखायचं चालत नाही म्हणून सांग. पण तोंडातून भलतंच येतं.

"उठा. आज मी तुमचा काढते."

"माझा कशाला?"

"एकही नाही तुमचा."

"भिंतीवर हाय की," अण्णा म्हणतात, अगदी सहज. "डोळा मिटलाय त्यात. गडबडीत काढलेला, तेवढं चालायचंच."

शैलजाच्या अंगावर काटा येतो. म्हणजे त्यांना माहीत आहे. आपण मेलोय हे माहीत आहे, हार घातलेला फोटो माहीत आहे. आता ते कुठल्याही क्षणी रुमालाची घडी करतील. 

"बसा अण्णा. पटकन बसा."

आश्चर्य म्हणजे अण्णा बसतात. आयुष्यात पहिल्यांदा ते स्टुलावर बसतात, शर्ट खाली ओढून नीट करतात, हात गुडघ्यांवर ठेवतात. वर बघितलं तर छत नाही. बरंच उंचावर होडीचा काळा तळ तरंगतोय आणि त्याच्या कडेनं ऊन खाली झिरपतंय. स्टुडिओ समुद्राच्या तळाशी आहे. पिवळे-काळे मासे कंगव्याच्या दोरीला तोंड लावून बघतात आणि निघून जातात. शैलजाच्या तोंडात नळी आहे, पाठीवर सिलिंडर, हातात प्रणितानं दिलेला कॅमेरा. अण्णांच्या अंगावर यातलं काहीच नाही. त्यांचा शर्ट कोरडा आहे.

ती कॅमेरा उचलते. श्वास सोडते, आणि बुडबुड्यांचा एक मोठा झुबका तिच्या तोंडातून निघून बरोबर अण्णांच्या चेहऱ्यासमोरून वर जातो. काही दिसत नाही. बुडबुडे विरतात तेव्हा अण्णांचा चेहरा आधीपेक्षा थोडा काळवंडलेला असतो.

ती पुन्हा धरते, पुन्हा श्वास सुटतो, पुन्हा बुडबुडे. चेहरा आणखी एक छटा काळा झालेला. हे ती ओळखते. हायपोत न घातलेला प्रिंट उजेडात आणला की असाच हळूहळू काळा पडत जातो, आणि एकदा पडला की कुणी काही करू शकत नाही.

"लवकर कर शैलू," अण्णा म्हणतात. "माझं काय आता लई टिकत न्हाई."

शैलजा श्वास रोखते.

आणि एकदम सगळं स्वच्छ होतं. बुडबुडे नाहीत, काही नाही. अण्णा समोर आहेत, दोन्ही डोळे उघडे, गालावरची कापल्याची खूण, कानावरचा तो एक लांब केस जो ती नेहमी कापायला सांगायची. असा चेहरा तिनं किती तरी दिवसांत पाहिलेला नाही. तिला तो हवाय. जगात दुसरं काहीही नको, एवढा एक फोटो हवाय. ती बोट बटणावर ठेवते.

अण्णा लहान व्हायला लागतात. नाही, तेच होतंय सकाळचं, तीच वर चाललीय. पायातले फिन्स जोरजोरात मारून ती स्वतःला खाली रेटते. कॅमेऱ्यातली फोकसची चौकट हिरवी होत नाही, नुसती मागेपुढे होत राहते. कुठूनतरी टण टण टण आवाज येतो, कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटतंय. प्रणिता बोलावत असेल. शैलजा लक्ष देत नाही.

स्टुलाशेजारी आता एक लोखंडी पलंग आहे. पलंगाजवळ ऑक्सिजनचा उंच सिलिंडर, सिलिंडरला काचेची बाटली आणि बाटलीत बुडबुडे. ही बाटली तिच्या चांगलीच ओळखीची आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती हिच्याकडेच बघत बसली होती. अण्णांची छाती वर होतेय की नाही हे बघवत नव्हतं, म्हणून बाटलीतल्या बुडबुड्यांवर नजर लावली होती. ते येतायत ना, मग ठीक आहे. सिस्टर येऊन खांद्यावर हात ठेवीपर्यंत तिला कळलंच नाही की अण्णा संपलेत. बाटलीतले बुडबुडे तसेच चालू होते.

आत्ताही चालू आहेत. सिलिंडरवरचा काटा मात्र लाल पट्ट्यात गेलाय, आणि तो काटा दवाखान्यातल्या सिलिंडरचा आहे की तिच्या पाठीवरच्या, हे तिला सांगता येत नाही. छातीत फुगा भरलाय. तो बरगड्यांना आतून ढकलतोय. डोळ्यांपुढे काळे ठिपके येतायत, पण चौकटीतला चेहरा अजून स्वच्छ आहे.

"शैलू, सोड."

ती मान हलवते. पाण्याखाली बोलता येत नाही, तरी तिचा आवाज येतो. "एकच, अण्णा. एकच काढते."

"तोंड बघ तुझं. निळं पडलंय."

"हलू नका!" ती ओरडते. तो आवाज अण्णांचा आहे, शब्दही त्यांचेच. "श्वास रोखा, हलू नका!"

"मी कुठनं रोखू?" अण्णा हसतात. "माझ्याकडं हाय का?"

आणि ते उठतात. स्टुलावरून उठून वाळूत पावलं टाकत सरळ कॅमेऱ्याकडे यायला लागतात. शैलजाला संताप येतो. आयुष्यभर हेच केलंत, तिला म्हणायचंय, आता तरी बसा, एवढं एकदा बसा. चौकटीत त्यांचा शर्ट येतो, मग शर्टाचं एक बटण, मग काहीच ओळखू येत नाही इतके ते जवळ येतात. कॅमेरा त्यांनी हातानं बाजूला केलाय.

"ते वरचं हुतं गं," अण्णा म्हणतात. "जमिनीवरचं. श्वास रोखायचं मी शिकवलं, खरं हाय. पण मला कुठं पोहायला येतंय? पाण्यातलं मला काय ठाऊक?"

"मग फोटो?"

"फोटो बघायला वर कुणीतरी पाहिजे का नको?"

तिला अजूनही सोडवत नाही. सोडला की बुडबुडे येणार, आणि बुडबुडे गेल्यावर समोर अण्णा नसणार. तिनं ओठ घट्ट मिटलेत. अण्णा तिच्याकडे बघतात. रडून लाल झालेल्या पोराकडे बघायचे तसं, अजिबात घाई नसल्यासारखं. मग ते वाकतात, तिच्या तोंडासमोर तोंड आणतात आणि हलकेच फुंकर घालतात.

फू.

शैलजा दचकते, आणि तिच्याही नकळत मोठ्ठा श्वास आत ओढते.

डोळे टक्क उघडतात. समोर राजशेखरचा चेहरा आहे, पांढराफटक. त्यानं तिचे दोन्ही खांदे धरलेत. पेपर अंगणात उडून गेलाय. दारात काकू स्टीलचा तांब्या आणि पळी घेऊन उभ्या आहेत. जाग यावी म्हणून त्या तांब्या बडवत होत्या.

"शैला! अगं श्वासच घेत नव्हतीस तू! कधीचा हलवतोय, हाका मारतोय. ओठ गच्च मिटून पडली होतीस." त्याचा आवाज फाटलाय. "काय झालं होतं?"

ती श्वास घेते, सोडते. पुन्हा घेते. छाती दुखतेय, पण हवा आत येतेय आणि बाहेर जातेय. डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं आणि ती ते वाहू देते. दवाखान्यात ती रडली नव्हती, नंतरही नाही. राजशेखर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहतो. काकू तांब्यातलं पाणी पुढे करतात आणि आज रात्री मुगाची खिचडी करते हो, असं काहीतरी पुटपुटत आत जातात. उसळीचा त्यांना आता काही राग राहिलेला नाही.

"कपाळाला काय लावलंयस?" राजशेखर मधेच विचारतो.

"कुठं?"

"हे काय, पांढरं. मीठ राहिलं असेल. पुसतो थांब."

"नको," ती त्याचा हात धरते. भुवयांच्या मधोमध बोट लावते आणि बोट जिभेवर टेकवते. खारट नाही. अजिबात खारट नाही. बोटाला गोडसर वास आहे, आरशाखालच्या फळीवरच्या डब्याचा. खिडकीच्या काचेत ती वाकून बघते. मधोमध गोल ठसा आणि तिथून अंगठ्यानं दोन्ही बाजूंना ओढलेले दोन पट्टे, आधी डावा, मग उजवा.

फाटकाशी प्रणिता आलीय. खांद्यावर ओली जाळीची पिशवी, पिशवीत कॅमेरा.

"ताई, येतास मा? उन्हा कलली," ती तिथूनच ओरडते आणि जवळ आल्यावर हसते. सकाळचा राग तिच्या गावीही नाही. "मगे? सांगितलात काय तुमच्या अण्णांक?"

राजशेखर तोंड उघडतो. आता सांगायलाच हवं, या बाईला खरं काय ते सांगायलाच हवं, असं त्याच्या चेहऱ्यावर आलंय. शैलजा त्याच्या आधी बोलते.

"सांगायची वेळच आली नाही. त्यांनीच मला सांगितलं."

"काय?"

"पाण्यात नाही चालत म्हणून."

"शाणे आसत तुमचे अण्णा," प्रणिता म्हणते आणि कॅमेरा तिच्या हातात देते.

 राजशेखर पायात चपला सरकवतो आणि त्यांच्या मागोमाग निघतो. वाळूतून चालताना शैलजा मोठ्यानं श्वास घेते, मोठ्यानं सोडते, मागून येणाऱ्या त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. कपाळ मात्र ती पुसत नाही.